दशांश

तार्तूत डिसेंबरला साडेतीनलाच अंधारतं.
व्हीविका दिवा लावत नाही.
पडद्याचा उजेड पुरतो तिला
तक्त्यातला एक आकडा खोडायला.

गाव जिंकलं : पाच.
गावाला बाप्तिस्मा दिला : तीन.
आठ दिवस झाले, सगळी भानगड
मधल्या या दोनाची आहे.

रोमेट पगार घेऊन खेळतो आणि तक्रारी लिहितो.
त्यानं लिहिलं : चर्च उभारायला वीस खेळ्या,
जाळायला एक.
मग बांधेल कोण?

तिनं तीन खोडून सहा केले.
दुसऱ्या दिवशी रोमेटच्या नकाशावर
एक लढाई नाही. नुसत्या घंटा.
भालाईत गुडघे टेकून बसलेले,
घोड्यांना चारा खाऊन खाऊन सुस्ती,
सरहद्दीपलीकडचा राजा आपण होऊन
अनवाणी चालत आला शरण.
‘कंटाळा,’ रोमेटनं लिहिलं. एवढंच.

मग चार. मग साडेचार.
मग चार पूर्णांक दोन.
त्या काळी दहा पोत्यांतलं एक
चर्चच्या कोठारात जायचं, तोही दशांश;
आणि हा, तिच्या बोटाखाली
डावीउजवीकडे सरकणारा ठिपका, हाही.
आपल्याकडे दोन्हींना शब्द एकच.
मापात पाप नको, एवढंच तिचं काम.
पाप कशाला म्हणायचं
ते या तक्त्यात नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती टेकडी चढते.
छप्पर नसलेल्या कॅथीड्रलच्या विटांवर बर्फ,
बाजूच्या लिंडनवर तेवढंच बर्फ.
कुणाला जास्त, कुणाला कमी, असं काही नाही.
हातमोजे विसरलेत. परत फिरते.

संध्याकाळी रोमेटची नवी तक्रार :
‘चूक क्रमांक ४१७.
गाव जिंकलं, बाप्तिस्माही झाला,
तरी एक म्हातारा
देवराईतल्या ओकाखाली उभाच आहे.
हलत नाही. मरत नाही.
त्याच्यावर क्लिक केलं तर
काहीच होत नाही.
कुठल्याच बाजूला गुण देत नाही.’

व्हीविका नकाशा मोठा करून बघते.
चार ठिपक्यांची टोपी, दोन ठिपक्यांचे हात,
आणि हातात काहीतरी,
दूध असेल, किंवा मध,
इतक्या कमी ठिपक्यांत कळत नाही.

दुरुस्त करायला एक ओळ पुरेल.
ती ओळ लिहिते. वाचते. पुसते.
तक्रारीखाली टाकते : असू दे.

मग पुन्हा त्या चार पूर्णांक दोनाकडे वळते,
आणि पहिल्यांदाच उठून
दिवा लावते.