पेक्षा

चिंचपोकळीची रात्रशाळा, दुसरा मजला.
एक ट्यूबलाइट कायम कण्हत असते,
तिच्याखाली बसतात गोपीनाथ धुरी, वय एकोणसाठ,
मस्जिद बंदरला तराजू दुरुस्त करतात.
बोटांना तेलाचा वास, वहीला बोटांचा.

मी फळ्यावर लिहिते: टॉल, टॉलर.
'आपल्याकडे बरा आसा, बाई,' ते म्हणतात,
'उंच तो उंचच ऱ्हवता. एक पेक्षा लावलो काय झाला.'
खरंय. आपलं विशेषण जागचं हलत नाही,
सगळी हमाली पेक्षा करतो.
इंग्रजीत शब्दालाच शेपूट फुटतं,
शब्द लांबलचक असला तर पुढे मोअर,
दोन्ही एकदम मात्र कधीच नाही.
'एका पारड्यात दोन वजनं नकोत,' मी ऐटीत म्हटलं.
धुरी हसले. 'चलतत की.
पाव किलो नि पाव किलो, अर्धो किलो.'

ऑगस्टात त्यांची बायको केईएमला होती.
वाक्यं लिहून आणा म्हटलं, तर वहीत:
'माय वाइफ इज मोअर बेटर टुडे.'
मी मोअरवर लाल रेघ मारली.
ते रेघेकडे पाहत राहिले,
काटा थरथरायचा थांबेपर्यंत पाहतात तसे.
मग आपल्या हातानं तो शब्द
पुन्हा एकदा खोडला.

गुरुवारी बॅड घेतला.
'बॅडर?' मागच्या बाकावरून सलीमनं विचारलं.
नाही. वर्स.
'म्हणजे वळखच ऱ्हवणा नाय,' धुरी पुटपुटले,
आणि वर्गात सगळ्यांत आधी
त्यांना तो पाठ झाला.

तीन आठवडे बाक रिकामा.
परतले तेव्हा डोक्यावर जेमतेम खुंट उगवले होते.
कुणी काही विचारलं नाही, मीही नाही,
मी गृहपाठ मागितला. दुसरं काय मागणार?

'द बेड इज बिगर.'
'कशापेक्षा?'
सवयीनं तोंडून गेलंच. अर्धं वाक्य
मला कधी सोडवत नाही.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण दातात धरलं,
आणि शेजारच्या रिकाम्या जागेत
एकेक अक्षर तोलून लिहिलं:
'दॅन द रूम.'

दोनदा वाचलं.
व्याकरणात कुठेच चूक नव्हती.
बरोबरची खूण करायला पेन टेकवलं,
तिथे नुसता एक लाल ठिपका उमटला.