दीड थाऊ

सगळ्यात आधी कालिंदीला कळलं.
मागच्या सीटवर कळतं, पुढे नाही कळत.
"वळताना मागचं चाक आपल्याच विचारात असतं," म्हणाली.
मी म्हणालो, रस्ता. मी म्हणालो, हवा कमी असेल.
एकदा म्हणालो, तूच हलतेस.
त्यावर ती गप्प,
सारसबागेपासून बिबवेवाडीपर्यंत गप्प.

येझदी, एकोणऐंशीची.
रविवारी मेन स्टँडवर घेतली,
मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं ढकललं.
टक्.
ओढलं. टक्.
स्वयंपाकघरातून कालिंदी: "ऐकू आलं."

पिन निघेना.
तीन रात्री डिझेल पाजलं,
चौथ्या दिवशी पितळी ड्रिफ्ट आणि हातोडा.
सोसायटीचे गोडांबे खाली आले, म्हणाले विकून टाका,
आणि मग स्वतःच बॅटरी धरून बसले,
"थोडं डावीकडून, थोडं डावीकडून."
पिन सुटली तेव्हा दोघंही मागे पडलो.

ग्रीसचं निपल सापडलं, रंगाखाली.
चौऱ्याण्णव साली, मेव्हण्याच्या लग्नाआधी,
मीच मारला होता मरून रंग, दोन हात,
चकचकीत, निपलसकट.
तेव्हापासून आत थेंबभर वंगण गेलेलं नाही.
हे मी कालिंदीला सांगितलं नाही.
गोडांब्यांनी सांगितलं.

जुने बुश आतून करवतीच्या पात्याने चिरून काढले.
एका अंगाला कागद झालेले,
दुसऱ्या अंगाला कारखान्यातल्यासारखे कोरे.
झिजणं म्हटलं की आपल्याकडे लगेच चंदन उगाळतात,
हार आणतात, भाषण करतात.
हे नुसतं गनमेटल. पिन महाग, म्हणून हे मऊ.

नाना पेठेत, बोळाच्या टोकाला, दस्तगीर मिस्त्रीचं लेथ.
बुश त्याने बघितलेच नाहीत, अंगठा आत फिरवला.
"साखळीकडची बाजू गेली. तीच जाते."
मी म्हणालो, नवे एकदम घट्ट बसव, जरा म्हणून हलायला नको.
चष्म्यावरून बघितलं त्याने.
"बाहेरून घट्ट. आतून घट्ट केलं तर पिन पकडेल, साहेब.
दीड थाऊ सोडतो.
ग्रीसला राहायला जागा नको?"
दीड थाऊ म्हणजे किती, विचारलं,
तर कानावरची सिगारेट घेतली,
तिचा कागद सोलून माझ्या तळहातावर ठेवला.
तंबाखू परत खिशात.

नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये,
मटारशेजारी, स्टीलच्या डब्यात.
डब्यावर कालिंदीची चिठ्ठी: खाऊ नये.
सकाळी आर्म गरम केला, लांब बोल्ट, दोन वायसर,
पान्याचा अर्धा अर्धा फेरा,
आणि बुश गेले आत, कुरकुर न करता.
निपल खरवडून उघडलं.
ग्रीस दोन्ही टोकांनी बाहेर येईपर्यंत पंप मारला.
मग चाक धरून ढकललं.
पुन्हा ढकललं.
गोडांबे म्हणाले, "अहो, पाडाल."

संध्याकाळी कात्रजचा जुना घाट.
आरशात काही दिसत नाही, टू-स्ट्रोकला सगळंच थरथरतं,
पण खांद्यावरचा हात कळतो.
पहिल्या वळणाला होता.
दुसऱ्याला होता.
तिसऱ्याला, उतारावर, ट्रक समोरून येत असताना,
नव्हता.
मागे पिशवी कुरकुरली,
दाण्याचं एक साल उडून माझ्या कानाला लागलं.

बोगद्याच्या अलीकडे मी विचारलं, काय?
ती चावत होती. मग म्हणाली,
"चाक ठीक आहे.
आता तुम्ही जरा सैल बसा."