ओळ चारशे बारा

जिनिंगच्या भिंतीला लागून माझी खोली.
खिडकी उघडी राहिली की कीबोर्डवर
रुईची पिसं येऊन बसतात.
सेलूत हवेतून येतं ते एवढंच.

काम सोपं. ओळीला दीड रुपया.
पहिल्या रकान्यात एक विमानतळ, दुसऱ्यात दुसरा,
मग अंतर, लागणारा वेळ,
निघायची तारीख, पोचायची तारीख.
समुद्र मी पाहिलेला नाही.
पाणी म्हणजे दुधनेचं धरण,
तेही दारं उघडली तर बघायला जायचं.

रात्री साडेअकरा. ओळ चारशे बारा.
फालेओलो ते पागो पागो.
दोन्हीकडं सामोआच; एक आपल्या मर्जीचा, एक अमेरिकेचा.
अंतर दीडशे किलोमीटर,
पंख्याचं लहानसं विमान, पाऊण तासाच्या आत.
शुक्रवारी सकाळी बसायचं
आणि गुरुवारी सकाळी उतरायचं.

रकाना लालभडक झाला.
'पोचणे निघण्याआधी असू शकत नाही.'

मी पुन्हा तपासलं. असू शकतं.
मधे पाण्यातून तारखेची रेघ जाते,
कुणी आखलेली, कुणाला न दिसणारी,
आपल्या शेजाऱ्याच्या धुऱ्यासारखी,
फक्त तिच्यावरून भांडण नाही.

गुरुवार.
म्हणजे आजच अजून. अर्धा तास उरलेला.
दुपारी उदगीरहून आक्काचा फोन होता:
उद्या मोतीबिंदू काढणार हायेत, कवा येलालास?
मी म्हणालो, लई लांब पडतंय आक्का,
हातात काम हाय, बघतो.
ती म्हणाली, बरं.
एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवायचं विसरली.
बराच वेळ तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

दुसऱ्या रकान्यात उगीच टाकून पाहिलं
सेलू ते उदगीर.
विमानतळ सापडला नाही.
नकाशावर हातानं रेघ ओढली, सरळ:
एकशे चाळीसलाही थोडी कमी.
पागो पागोहून जवळ.

एसटीला मात्र रेघ माहीत नाही.
परभणीला बदला, गंगाखेडला चहा,
अहमदपुरात पुन्हा उभं राहा,
सहा तास, तेही टायरनं साथ दिली तर.
आणि निघाल शुक्रवारी
तर उतराल शुक्रवारीच.
दुपारचं ते वाक्य
गंगाखेडच्या पुलावरून वळून परत घेता येत नाही.

बारा वाजून दोन मिनिटं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
'तारीख बरोबर आहे. दोनदा तपासली.'
रकाना लालच राहिला. राहू दे,
दीड रुपयाच जाईल.

साडेपाचच्या गाडीसाठी पिशवी भरली.
स्वेटरवरची रुई झटकली, सगळी निघाली नाही.
मी पोचेन तेव्हा
आक्काच्या एका डोळ्यावर पट्टी असेल.
दुसऱ्यानं ती आधी
घड्याळाकडं बघेल.