ठेवणे

पुण्याहून निरोप आला: वर्ग फार झालेत,
दोनशे अकराचे चाळीस करा.
म्हणून जळगाव एमआयडीसीतल्या या पत्र्याखाली
कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात
मी माणसं एकात एक घालत बसलेय
स्टीलच्या डब्यांसारखी.

हमाल आणि मापाडी एक केले.
त्यांना विचारायची सोय नव्हती.
डाळमिलमधली सुपडाबाई
तूर दाताखाली धरून ओल सांगते,
मीटरच्या आधी.
पण 'क्वालिटी'ला बारावी पास लागते.
तिला 'इतर'मध्ये टाकलं.
'इतर'मध्ये आता तीनशे सात जण झालेत
आणि अजून जेवणाची सुट्टी व्हायचीय.

केळीवर आले तेवढ्यात
तांदलवाडीच्या पॅकहाऊसचा फोन.
उद्या सहाला तीस जण हवेत,
कापणारे, वाहणारे, फण्या पाडणारे, धुणारे.
सॉफ्टवेअरला सगळे सारखेच: शेतमजूर, अकुशल.
कौशल्याच्या रकान्यात एकच चौकट,
वजन उचलणे, किती किलो.

सलाबत तडवीला विचारलं, किती लिहू?
पलीकडे पंप चालू होता. मग तो हसला.
"उचलनं त कोनालेबी येतं ताई.
ठेवता आलं पाह्यजे."

ते मी पाहिलंय एकदा, भालोदला.
खांद्यावर गादी, गादीवर घड,
आधी गुडघे वाकतात, मग कंबर,
मान जराशी बाजूला होते
आणि घड टेकतो
जमिनीलाही कळू न देता.
ओरखडा त्या दिवशी दिसत नसतो.
आठवड्यानं काळा पडतो,
कुठल्या तरी परक्या बंदरात.

मी नवं कौशल्य भरलं: ठेवणे.
खात्री आहे का, सॉफ्टवेअरने विचारलं.
आहे.
एकोणतीस जणांना लावलं.
तिसाव्याला नाही, तो घड आपटतो,
हे सलाबतनेच सांगितलेलं.

गुरुवारी पुण्यात कुणीतरी दुरुस्ती केली.
ठेवणे म्हणजे हिशेब ठेवणे, असणार.
अख्खी टोळी लेखा विभागात गेली,
मला कळलंही नाही.

सोमवारी नवी पेठेतल्या सीएंचा फोन.
तुमच्याकडे एकदम एकोणतीस अकाउंटंट दिसतायत हो.
हा पहिला, तडवी,
याला टॅली येतं का?

नाही, म्हटलं.
पण ऑफिस हलवायचं असेल कधी,
काचेचं काही असेल,
तर त्यालाच बोलवा.