उष्टावण

सातपूरला तिसरी पाळी.
टाकीतलं पाणी कोऱ्या चहासारखं,
वास नाही, म्हणून जास्त भीती.

खैरनार म्हणायचे,
हे असंच सोडलंस पलीकडं
तर सकाळी वर नुसता पांढरा फेस, जंतू सगळे खलास.
ज्यांना मारायला औषध केलं
त्यांच्याच ताटात वाढतेस होय गं?

म्हणून आधी आम्ल. पीएच तीन.
मग हिराकस,
मग पेरॉक्साइड, धार बारीक ठेवून;
घाई केली की उकळी झाकणाला धडकते.
पाणी काळवंडतं.
आत कुठंतरी कड्या तुटत असणार,
ऐकू येते ती फक्त पंपाची घरघर.

गेल्या भाद्रपदात शाल्मलीचा ताप
याच गोळीनं उतरला.
पाकिटावर आमचाच बॅच नंबर होता, मी दोनदा वाचला.
आज तिचेच तुकडे करतेय.

पहाटे चुना. गाळ बसतो.
वरचं निवळ आधी बादलीभरच देते,
जावळ न काढलेल्या पोराला
बोटावर खीर चाटवावी तसं.

मग काचेखाली डोळा लावून बसते.
देठावरची एक घंटा, केसाहून बारीक,
मिटलेली.
मिटलेलीच.
मग तोंड उघडते.

खा बाई.
कुंपणापलीकडं नासर्डी आहे.