दोन बोटं माया

बोरा बझारातल्या पोटमाळ्यावर
गफूरमास्तरांनी आधी विचारलं, "वकीलसाहेब कुठे आहेत?"
म्हटलं, "मीच."
शेचाळिसावं वर्ष, शाळेतली कारकुनी,
तीन वर्षं सकाळी सातचा तास.
हे त्यांना सांगणार होते, सांगितलं नाही.
टेप पाठीवरून फिरली, खांद्यावर खडूची रेघ आली.
मास्तरांनी आकडे वहीत लिहिले
आणि शेरा मारला नाही.
मला अशा मापाची सवय नव्हती.

वैजूताईची तऱ्हा वेगळी.
दहावीला पेढे घेऊन गेले तिच्यापुढे, तर
"यंदा बोर्डाने हात सढळ सोडलाय म्हणे."
तन्मयच्या बारशाला, पाळण्याची दोरी हातात धरून, भरल्या घरात,
"रंग मात्र त्यांच्याकडचा उचललाय हो."
सगळ्या हसल्या. मीही हसले.
मी का हसले?
आणि दर वेळी शेवटी, बडीशेप द्यावी तसं,
"मी आपली स्पष्ट बोलते, मनात काही ठेवत नाही."
खरंच ठेवत नाही.
माझ्या मनात ठेवते.

निकाल लागला तेव्हा मी फी-काउंटरवर होते.
अंगठा सवयीने तिच्या नावावर गेला
आणि तिथेच राहिला.
काचेपलीकडे एक आजोबा सुट्टे मोजत होते.
त्यांना आधी पावती दिली.

आठ दिवसांनी फोन केला.
भांडी घासताना वाक्य पाठ केलं होतं, कलमासारखं.
"ताई, मला सनद मिळतेय. त्या दिवशी तू येऊ नकोस.
नंतर जेवायला ये, मी बोलावीन."
पलीकडे मिक्सर थांबला.
"म्हणजे मी परकी झाले?"
"परकी नाहीस."
"मग?"
मगचं उत्तर पाठ केलं नव्हतं.
"मग काही नाही. त्या दिवशी नको."

अर्ध्या तासात चुनाभट्टीहून आई.
"रक्ताचं आहे गं. तोडू नये."
"एक दिवस मागितलाय, आई. एकच."
आईने फोन ठेवला नाही, बोललीही नाही.
मागे तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत राहिले.
तिसरीनंतर तिने गॅस बंद केला असावा.

रात्री झोप नाही.
टायफॉइडमध्ये केईएमच्या वॉर्डात
माझ्या खाटेशेजारी फरशीवर चादर टाकून
अकरा रात्री तीच झोपली होती.
वेण्या इतक्या करकचून घालायची
की माझे डोळे ओढले जायचे,
आणि रिबिनीचं फूल काढायची असं
की बाई वर्गात विचारायच्या, कुणी घातल्या?
हे कुठल्या बाजूला लिहू?
पुरावा म्हणून दाखल केला
तर दोन्ही पक्षकार तोच वापरतील.

दुसऱ्या ट्रायलला मास्तरांनी कोट उलटा केला.
"हे बघा, आत दोन बोटं माया सोडलीय.
उद्या सैल करायचा झाला तर कापड आहे."
"आणि शिवण?"
"शिवण रेघेवरच, बाई.
नाहीतर तो कोट कसला, गोणपाट."

शपथेला तन्मय आला, काउंटरवरच्या डिसिल्वाबाई आल्या,
हाफ डे टाकून, पर्समध्ये केकचा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून.
नाव पुकारलं, मी उठले.
टाळ्या वाजल्या, थोड्याच.
कुणी त्यांना काही जोडलं नाही.
मग इराण्याकडे तिघांत दोन बनमस्का,
डिसिल्वाबाईंनी माझ्या बाहीवरचा चुरा झटकला.

रात्री ताईचा मेसेज.
"काळा तुला उठत नाही. पण काय करणार,
वकिलांना चॉइस कुठे असतो. फोटो पाठव."

हसू आलं. आवरलं नाही.
कोट हँगरला लावला,
अस्तर बाजूला करून शिवणीच्या आत बोटं फिरवली.
मास्तर खोटं बोलले नव्हते, भरपूर आहे.

फोटो रविवारी पाठवीन.
किंवा सोमवारी.