पावडर

चोर्बा तिहामेरचं कपाळ मला
त्याच्या दोन्ही बायकांपेक्षा जास्त ठाऊक.
सव्वीस वर्षं, दर डिसेंबरात,
बुडापेस्टच्या तीन नंबर स्टुडिओत
मी त्या कपाळाची चमक मारत आले.
दिवे लागायच्या आधी त्याला घाम फुटायचा,
माझं मनगट धरून विचारायचा,
‘इलोन्का, मला बघून आज हसू येईल ना कुणाला?’

एकतीस तारखेची रात्र म्हणजे तो.
चुलीवर सॉसेज उकळत ठेवून माणसं टीव्हीपुढे बसायची.
तो यायचा ट्रामच्या तिकीट तपासनिसाच्या टोपीत,
अख्खा डबा घामाघूम करायचा, आणि शेवटी
एखादी म्हातारी त्यालाच तिकीट मागायची.
‘आहे की! पण माझं नाही.’
एवढंच.
एवढ्यावर देश हसायचा.
माझा भाऊ गेला त्या हिवाळ्यात
आईसुद्धा हसली,
मग हसल्याबद्दल रडली.

आधी चाळीस मिनिटं होती.
मग पंचवीस. मग अकरा, त्यातही मधे साबणाची जाहिरात.
एका वर्षी नव्या पोरांनी त्याला सोफ्यावर बसवला
आणि टोपीवरून त्याची फिरकी घेतली.
तो हसला. ते हसू मी रंगवलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी यादीत नाव होतं,
वेळेचा रकाना कोरा.
पाचलाच हजर, बुटांना पॉलिश.
मी पावडर लावली.
आठ वाजले, नऊ वाजले. पावडर सुकली, पुन्हा लावली.
साडेअकराला एक मुलगी डोकावली, कानात यंत्र,
‘काका, तुमची जुनी टेप लावतोय, पहाटे चारला.
तुम्ही थांबला नाहीत तरी चालेल.’
त्याने उभं राहून तिचे आभार मानले.
आणि मी कापूस घेतला तेव्हा म्हणाला,
‘राहू दे. पुसू नकोस.’

सहा नंबरच्या ट्राममध्ये
कागदी पिपाण्या, सांडलेली शॅम्पेन,
एका बाईच्या मांडीवर उद्याच्या मसुरीचं पातेलं.
जितके दाणे तितका पैसा, म्हणतात.
ऑक्तोगोनला खरा तपासनीस चढला.
या रात्री सहसा चढत नाहीत.
मिशी धड न फुटलेला पोरगा.
‘तिकीट?’

तिहामेर उठला.
डोक्यावर टोपी नव्हती, तरी हात टोपीपाशी गेला.
‘आहे की,’ तो म्हणाला,
आणि थांबला. इतका तो कधीच थांबला नव्हता.
‘पण माझं नाही.’

पोराने त्याची पावडर पाहिली, गालांवरची लाली पाहिली.
‘आजोबा, पासष्टीनंतर तिकीट लागत नाही. बसा.’

तो बसला.
दोन थांबे गेले. मग त्याचे खांदे हलायला लागले.
मी पिशवीतून कापूस काढला.
वळला, तर पावडरीत दोन ओघळ,
आणि डोळ्यांत ती जुनी, दिव्यांखालची हाव.
‘टायमिंग बघितलंस त्याचं?
मधे श्वाससुद्धा घेतला नाही पठ्ठ्याने.’